टेंभरे मॅडम, पांढरा कोट आणि हळदीचे बोट

डॉ. कुसुम टेंभरे यांची आणि माझी पहिली भेट एसटीत झाली. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यामुळे मी केशोरीहून गोंदियाला निघाले होते आणि माझ्या अंगात पांढरा कोट होता. कॉलेज अजून सुरूही व्हायचे होते. पण मामांनी कोट आधीच आणून ठेवला होता, निरोप द्यायला आमची सगळी आळी जमली होती आणि तो घातल्याशिवाय मला कोणी घराबाहेर पडू देईना. कोटाला चुरगळ पडू नये म्हणून मी पाठ न टेकता ताठ बसले होते. बाहेर धानाच्या बांध्यांवर धुके अजून उतरलेले होते आणि मी जागी आहे की नाही, अशीच शंका येत होती. तेवढ्यात शेजारच्या आजींनी मनगट माझ्यापुढे धरले.

"माही नाडी पाय बरं, बाई."

"आजी, मी अजून डॉक्टर नाही झाली. आता शिकायले जाऊन राहिली."

"मंग हे आंगात कायले घातलंस?"

सडक अर्जुनीला चढून पुढच्या बाकावर बसलेल्या एक बाई मागे वळल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्या आजींना म्हणाल्या, "बरोबर इचारलं तुमी." मग मला म्हणाल्या, "बाळ, कोट काढून घडी कर आणि मांडीवर ठेव. खिडकीतून धूळ येऊन राहिली." मी मुकाट्याने कोट काढला. दुसऱ्या दिवशी शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला त्याच बाई वर्गात आल्या, हजेरी घेतली, माझ्या नावापाशी थांबल्या आणि नुसत्या हसल्या.

त्या टेंभरे मॅडम आज साठ वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला आमच्या महाविद्यालयातील पांढऱ्या कोटाच्या समारंभाविषयी लिहायला सांगितले, कारण हा समारंभ आज जसा होतो तसा तो मॅडमनी घडवला आहे. मी आनंदाने हो म्हणाले. मात्र लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की मॅडमना मी एक उत्तर देणे लागते. मॅडमनी देहदानाचा संकल्प केला आहे. आपला देह आपल्याच विभागात यावा आणि तो समोर ठेवून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शिकवावे, अशी त्यांची इच्छा आहे. मी आता त्यांच्याच विभागात शिकवते, तेव्हा त्यांनी मला सांगावे हे रीतसरच झाले. पण हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि मॅडमना नाही म्हणण्याची माझी काय बिशाद.

म्हणून आधी त्यांच्या कामाविषयी लिहिते. लिहिता लिहिता बळ आले तर बरेच होईल.

मॅडम मूळच्या सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यातल्या. शेतकऱ्याघरची मुलगी, शिक्षण नागपूरला, नोकरीही बरीच वर्षे तिकडेच. गोंदियाला कॉलेज निघाले तेव्हा त्यांनी आपण होऊन बदली मागून घेतली. लोक गोंदियाहून नागपूरला बदली मागतात. उलट्या दिशेचा अर्ज पाहून कार्यालयातल्या बाबूंनी म्हणे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मॅडमना त्याबद्दल विचारले तर त्या इतकेच सांगतात की तिकडचा भात त्यांना कधी पचला नाही.

शिकवताना त्या रंगीत खडू घेऊन फळ्यावर हात काढत, खांदा काढत, आणि रेषा अशा संथ उमटत की कोणी झोपेत चालावे तसे आम्ही त्यांच्या मागे जात असू. पण मला इंग्रजीतले ते शब्द झेपेनात. पहिल्या चाचणीनंतर मी बॅग भरायला घेतली होती. मॅडमनी मला खोलीत बोलावले, मांडीचे हाड आणि कमरेचे हाड हातात दिले आणि म्हणाल्या, "हे तुझ्या आईला समजावून सांग. ती इथंच बसली आहे असं समज." मी घाबरत सुरुवात केली. "आई, हे पाह्य, हा गोरा गोटा हाये ना, हा या खळग्यात फिरते. उखळात मुसळ फिरते तसा." मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. माझे संपल्यावर म्हणाल्या, "पुस्तकातही याला उखळीचा सांधाच म्हणतात. आता हेच इंग्रजीत सांग. घाई नाही." त्या दुपारी मी बॅग रिकामी केली. पुढे मी हाच विषय घेतला तेव्हा केशोरीत सगळ्यांची निराशा झाली. एका काकांनी तर तोंडावर विचारले, "म्हंजे तू मेलेल्यायचीच डॉक्टर होनार का? मंग आमी का करावं?"

आता समारंभाविषयी. बहुतेक ठिकाणी हा कोट अधिष्ठाता, प्राध्यापक किंवा आईवडील चढवतात. आमच्या वेळी कॉलेज नवे होते, काहीच ठरलेले नव्हते. मुलांना कोट कोणाच्या हातून द्यावा यावर बैठक झाली. कोणी मोठ्या डॉक्टरांचे नाव सुचवले, कोणी पालकांचे. पालकांचे मला पटले असते, पण दिवस धान कापणीचे होते आणि अर्ध्या घरची माणसे बांधीत वाकलेली असणार होती. मॅडम म्हणाल्या, "कोट कोण देतं यालाच तर अर्थ आहे. हा कोट घातला की लोक आपलं अंग या मुलांना दाखवतील. सख्ख्या मुलासमोर जे उघडं करायचे नाहीत, ते यांच्यासमोर करतील. ती परवानगी आपण प्राध्यापक कशी देणार? ज्यांनी अंग दिलं, त्यांनीच ती द्यावी."

त्या उन्हाळ्यात देवरीकडच्या एका गावातून आमच्या विभागाला देहदान झाले होते. आसारामजी नावाचे शेतकरी. मॅडम गावोगाव फिरून देहदानाविषयी बोलत. कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी खळ्यावर, लोक धान मळत असताना. लोक तोंडावर विचारत, "जाळलं नाई तर मुक्ती कशी भेटन?" मॅडम वाद घालत नसत. "ते मले ठाव नाई," म्हणत, "मले एवढंच ठाव हाये का पोट्टे शिकतीन कशावर?" आसारामजी हट्टी गृहस्थ. त्यांनी ते ऐकले, संकल्प केला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. घरच्यांनी शब्द पाळला, पण गाव नाराज झाले. सरणच नाही तर राख नाही, नदीवर जाणे नाही. भागीरथाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लोक भेटायला आले ते सांत्वन कसे करावे हे न कळून परत गेले. मॅडमनी कोट देण्यासाठी या भागीरथाबाईंना बोलावायचे ठरवले.

त्या यायला तयार नव्हत्या. मॅडम त्यांच्या घरी गेल्या तेव्हा मी सोबत होते. भागीरथाबाई म्हणाल्या, "मी विधवा बाई. शुभाच्या कामात माहा हात कायले लावता?" मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच हातानं शुभ होईल." भागीरथाबाईंनी चुलीतले लाकूड आत सारले आणि विचारले, "ते कोठी हायेत आता?" मॅडमनी आडवळण घेतले नाही. "दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर. थंड खोलीत हायेत." भागीरथाबाई हळूच म्हणाल्या, "त्यायले थंडी सोसत नोहती." आम्ही निघालो तेव्हा त्यांनी समारंभाचा दिवस विचारून घेतला.

समारंभाचा दिवस मला आजही अर्धवट झोपेत दिसतो. सभागृहाच्या उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे उतरलेले, बाहेरून नव्या धानाचा वास आणि टेबलावर घड्या घातलेल्या कोटांचा ढीग. प्रमुख पाहुणे येऊन बसले. निवेदकाने माझे नाव पुकारले, कारण यादीत मी वर होते. भागीरथाबाईंनी माझा कोट उचलला, बोटांनी चाचपला आणि परत टेबलावर ठेवला.

"कोरा कपडा हाये," त्या म्हणाल्या. "हरद कोठी हाये?"

सभागृहात अनेकांना काही कळेना. आमच्याकडे नवे कापड हळदीचे बोट लावल्याशिवाय अंगावर चढत नाही, हे गोंदियाच्या पोरांना ठाऊक होते. मुंबई-पुण्याकडच्यांना नव्हते आणि प्रमुख पाहुण्यांना तर नव्हतेच. ते घड्याळाकडे पाहू लागले. निवेदक हिंदीत पुटपुटले, "अब हल्दी कहाँ से लाएँ?" मॅडम शांतपणे उठल्या आणि मेसमधून हळद मागवली. ती येईपर्यंत सगळे सभागृह नुसते बसून राहिले. कोणी भाषण केले नाही. मला वाटते, त्या समारंभातला सर्वात चांगला भाग तोच होता. पाहुण्यांना पुढे कुठे तरी जायचे होते, पण मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तसे बोलून दाखवले नाही.

स्टीलच्या वाटीत हळद आली. भागीरथाबाई पुन्हा थबकल्या. हळदीला आपला हात लागावा की नाही, हे त्यांच्या मनात असणार. मॅडमनी वाटी त्यांच्यापुढे धरली आणि धरूनच ठेवली. मग भागीरथाबाईंनी बोट बुडवले, माझ्या कोटाच्या आतल्या कोपऱ्याला टेकवले आणि कोट माझ्या खांद्यांवर चढवला. चढवताना त्यांचे हात उगीच क्षणभर तिथेच राहिले. त्यानंतर एकेक मूल येत गेले, प्रत्येकाच्या कोटाला बोट लागले आणि सभागृह हळूहळू पांढरे होत गेले, संध्याकाळी तळ्याकाठी बगळे उतरतात तसे. त्या दिवसापासून ती प्रथाच पडली. आजही आमच्याकडे कोट देहदात्यांच्या घरची माणसे चढवतात आणि हळदीची वाटी आधीपासून टेबलावर असते. दर वर्षी बाहेरगावचे एखादे मूल कोट साबणाने धुते, हळदीचा डाग लाल होतो आणि ते रक्त लागले म्हणून घाबरून मॅडमकडे पळत येते. "उन्हात वाळव, जाईल," मॅडम सांगतात. उन्हाने तो खरोखरच जातो.

समारंभानंतर भागीरथाबाईंना शाल आणि श्रीफळ दिले गेले. निघताना त्यांनी ती शाल घडी न मोडता मॅडमच्या हातात दिली. "हे त्यायच्या आंगावर घाला," म्हणाल्या. मी मागेच उभी होते. मॅडम शास्त्राचे माणूस. त्या शालीने काय होणार आणि त्या खोलीत तिचे काय होणार, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी शाल घेतली आणि म्हणाल्या, "आताच घालते." दुसऱ्या दिवशी आम्ही विच्छेदनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकले तेव्हा एका टेबलावर पांढऱ्या चादरीवरून शाल पांघरलेली होती. दाता कोण हे मुलांना कळू द्यायचे नाही असा त्यांचा स्वतःचाच दंडक. तो त्यांनी त्या दिवशी मोडला. त्या टेबलावर माझी नेमणूक झाली. आमच्यातला एकही जण त्या वर्षी तिथे मोठ्याने हसला नाही, आणि हसू नका म्हणून आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

वर्ष संपल्यावर मॅडमनी आसारामजींचे जे उरले होते त्याचा अंत्यविधी केला. घरच्यांना बोलावले, आम्हा विद्यार्थ्यांनाही कोट घालून यायला सांगितले. नदीकाठी सकाळ होती. पाणी इतके संथ की ते वाहते आहे की थांबले आहे, हे कळत नव्हते. विधी झाल्यावर भागीरथाबाई आमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काई शिकले का तुमी त्यायच्यापासून?"

तोंडी परीक्षा मी पुष्कळ दिल्या, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी मॅडमकडे पाहिले. त्या मदतीला येणार नाहीत हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होते. मी म्हणाले, "हव जी, शिकलो. त्यायचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड होता. हाडावर स्नायूच्या खुणा खोल उमटल्या होत्या. त्याच्यावरूनच आमाले खांदा समजला."

भागीरथाबाईंच्या चेहऱ्यावर जे आले ते दुःख नव्हते. "उजवाच," त्या म्हणाल्या. "धानाचा भारा उजव्याच खांद्यावर घेत. डाव्यावर कदी घेतला नाई." आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "पायलंस? पोरीले मालूम हाये." त्या दिवशी मुक्तीविषयी त्यांनी काहीही विचारले नाही. परतताना मॅडमनी बसमध्ये मला शेजारी बसवून घेतले आणि डब्यातली पोळी मोडून निम्मी माझ्या हातात दिली. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडून मला मिळालेली नाही.

मॅडमच्या स्वभावात गोडवा आहे असे लिहिले तर माझे सहकारी मला वेड्यात काढतील. त्या फटकळ आहेत. कोट घालून चहाच्या टपरीवर दिसलेल्या मुलांना त्या रस्त्यातच कोट काढायला लावतात. एकदा एका मुलाने कोट घालून हॉलमध्ये फोटो काढला, तेव्हा त्या त्याला एवढेच म्हणाल्या, "तुझे आजोबा झोपलेले असताना त्यांच्या उशाशी उभं राहून फोटो काढशील का?" त्याने फोटो पुसला, आणि पुढे तोच मुलगा गावोगाव देहदानाविषयी बोलायला मॅडमसोबत जाऊ लागला. परीक्षेच्या काळात वसतिगृहात आजारी पडलेल्या मुलींच्या खोलीत मऊ भात आणि मेतकूट पोचते. ते कुठून येते हे विचारायचे नाही, असा अलिखित नियम आहे. आता सेवानिवृत्ती जवळ आली म्हणून हे मी फोडते आहे.

गेल्या समारंभानंतर सभागृह रिकामे झाले होते. आम्ही दोघी उरलेल्या कोटांच्या घड्या घालत होतो. खिडकीतले ऊन जमिनीवरून भिंतीवर सरकले होते. तेव्हाच मॅडमनी ती गोष्ट काढली, हाताने घडी घालता घालता, जणू उद्याचा तास मला घ्यायला सांगत असाव्यात.

"प्रज्ञा, माझं टेबल तू घ्यायचं."

मला समजायला वेळ लागला. समजले तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही नागपूरला द्या ना. तिथंही गरज असते. आपल्याकडंच कशाला?"

"आपल्याकडं नको? का?"

"मी नाही बघू शकणार."

मॅडमनी हातातली घडी खाली ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या. "मग इतकी वर्षं मी भागीरथाबाईंना काय सांगत आले? त्यांचं माणूस दिलेलं चालतं आणि आपलं नाही?" घडी पुन्हा उचलत म्हणाल्या, "अनोळखी मुलांच्या हाती जाण्यापेक्षा मला तुझे हात माहीत आहेत. ते मीच शिकवलेत." मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थोपटले. "घाई नाही गं. मी कुठं उद्या चालले."

त्या दिवसापासून मी हा विषय टाळते आहे. मॅडम तो पुन्हा काढत नाहीत, पण मी समोर आले की चष्म्यावरून पाहतात. आज हे लिहिताना मला एवढे कळले की एसटीतल्या त्या आजींनी जे विचारले होते, त्याचे उत्तर मॅडमनी आम्हाला शब्दांत कधी दिलेच नाही. कोट अंगात कशाला, तर कोणी आपले माणूस विश्वासाने आपल्या हाती देणार आहे, आणि ते देताना त्यांचे काळीज कसे होते हे आपण विसरू नये, म्हणून. भागीरथाबाईंचे काळीज कसे झाले होते, ते मी जवळून पाहिले होते. माझे तसे होण्याची पाळी आली तेव्हा मी नागपूरचा रस्ता दाखवू लागले. हे मॅडमच्या विद्यार्थिनीला शोभत नाही.

तेव्हा मॅडम, या ग्रंथाच्या सगळ्या वाचकांच्या देखत मी सांगते, हो. तुमचे टेबल मी घेईन. तुमच्या माणसांना मान देऊन बोलावीन आणि मुलांच्या खांद्यांवर कोट त्यांच्याच हातांनी चढवून घेईन. वर्षाअखेरीस नदीवर कोणी मला विचारले की यांच्यापासून काय शिकलात, तर मी उत्तर द्यायला उभी राहीन.

पण ते उत्तर लहान नाही, आणि ते न रडता द्यायला मला अजून येत नाही. म्हणून तुमच्या साठीला आम्हा सगळ्या शिष्यांच्या वतीने एवढेच मागणे मागते. गुडघे सांभाळा, आमच्या चुका काढत राहा, आणि निरोगी, ठणठणीत अशी शंभर वर्षे जगा. मला तयारीला तेवढा वेळ लागेल.